दारू सुटण्याचे शास्त्र

दारूचे अवलंबित्व हा मेंदूचा आजार आहे. तो वर्षानुवर्षे चालतो, बरा झाल्यासारखा वाटून पुन्हा उलटू शकतो आणि तरीही उपचारांना चांगली दाद देतो. माणूस किती पितो यावरून त्याचे निदान होत नाही. पिण्यावर त्याचा ताबा किती उरला आहे, न प्यायल्यास शरीराचे काय होते आणि आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टी पिण्यामागे किती सरकल्या आहेत, या तीन गोष्टी डॉक्टर पाहतात. ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस या दोघांनी १९७६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या आजाराच्या लक्षणांचा एकत्रित आराखडा मांडला. आजची निदानपद्धती त्याच पायावर उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात सहा निकष होते : पिण्याची अनावर ओढ, सुरू केल्यावर थांबता न येणे, बंद केल्यावर शरीराने त्रास देणे, तेवढाच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा वाढत जाणे, इतर आवडी आणि जबाबदाऱ्या मागे पडणे, आणि नुकसान दिसत असूनही पीत राहणे. वर्षभरात यातली तीन लक्षणे एकत्र दिसली तर अवलंबित्व मानले जाई. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणाने हे निकष तीन गटांत आवळले आहेत, पण आशय तोच आहे.

प्रमाण निदान ठरवत नसले तरी ते समजून घेणे भाग आहे, कारण बहुतेक पिणारे आपले पिणे प्रत्यक्षापेक्षा कमी धरतात. व्हिस्की किंवा रम यांत ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे तीस मिलीलिटरच्या एका पेगातून सुमारे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. १८० मिलीच्या क्वार्टरमधून साठ ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली चार पेगांच्या बरोबरीची ठरते, त्यामुळे ‘मी फक्त बिअर घेतो’ या समाधानाला काहीच आधार नाही. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते. हा वेग लिंबूपाण्याने, कडक कॉफीने किंवा थंड पाण्याच्या अंघोळीने वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवून सकाळी सहाच्या पाळीला मोटारसायकलवर निघालेल्या कामगाराच्या रक्तात दारू शिल्लक असू शकते आणि आपण पूर्ण शुद्धीत आहोत असे त्याला मनापासून वाटत असते.

यकृतात अल्कोहोलचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग ॲसिटेट. मधला पदार्थ विषारी आहे. तो पेशींना इजा करतो आणि दारूमुळे होणाऱ्या कर्करोगांतही त्याचा हात आहे. मेंदूतली घडामोड मात्र आजाराच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. गाबा हे रसायन मज्जापेशींना शांत करते आणि ग्लुटामेट त्यांना उत्तेजित करते. दारू पहिल्याचा जोर वाढवते आणि दुसऱ्याचा दाबते. पहिल्या पेगानंतरची सैलावलेली अवस्था यातूनच येते. रोजच्या रोज हे घडत राहिले की मेंदू तोल सावरण्यासाठी उलट दिशेने बदलतो. गाबाला प्रतिसाद देणारी यंत्रणा मंदावते आणि ग्लुटामेटची यंत्रणा वाढते. आता तोच परिणाम मिळायला दोनाऐवजी चार पेग लागतात. ‘मला कितीही घेतली तरी चढत नाही’ असे अभिमानाने सांगणारा माणूस नकळत आजाराचे एक लक्षणच सांगत असतो.

दुसरा बदल सुखाच्या यंत्रणेत होतो. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी १९५४ मध्ये उंदरांच्या मेंदूत विजेच्या तारा बसवून दाखवले की मेंदूच्या ठरावीक भागांना चेतना मिळत असेल तर ती पुन्हा मिळवण्यासाठी उंदीर तरफ सतत दाबत राहतात. या मार्गावर डोपामिन काम करते. पुढे केंट बेरिज यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले की डोपामिनचा संबंध सुखापेक्षा हवेपणाशी अधिक आहे. त्यामुळे जुन्या पिणाऱ्याला दारूतून आनंद मिळणे कधीच संपलेले असते आणि ओढ मात्र वाढलेली असते. ‘यात काय मिळतं तुला?’ असे बायको विचारते, तेव्हा तो ‘काहीच नाही’ म्हणतो. ते उत्तर बहुतेक वेळा खरे असते.

तिसरा बदल ताणाच्या यंत्रणेत. सुरुवातीला माणूस ताण उतरावा म्हणून पितो आणि काही तास तो उतरतोही. पण सततच्या पिण्याने मेंदूतली ताणाची रसायने चढी राहतात, आणि दारूचा अंमल ओसरताच अस्वस्थता, चिडचिड आणि धडधड आधीपेक्षा जास्त जोराने उसळतात. झोपेचेही तसेच. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते. ज्या चिंतेसाठी पिणे सुरू झाले, तीच चिंता पिण्यामुळे वाढते आणि सकाळचा ‘उतारा’ गरजेचा होतो. आघातोत्तर ताणविकार, खिन्नता किंवा लोकांसमोर जाण्याची भीती असलेल्या माणसांत दारूचे अवलंबित्व जास्त आढळते ते बऱ्याच अंशी याच कारणाने. अशा वेळी दोन्ही आजारांवर एकत्र उपचार करावे लागतात. एकावर उपचार करून दुसऱ्याला वाट पाहायला लावले तर पहिलाही परततो.

दारू एकाएकी बंद केल्यावर काय होते, हे प्रत्येक कुटुंबाला माहीत असायला हवे. शांत करणारी यंत्रणा मंदावलेली आणि उत्तेजित करणारी वाढलेली असताना दारू अचानक काढून घेतली, तर मेंदूत उत्तेजनेला आवरणारे काही उरत नाही. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते आणि नाडी जलद होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. काहींना नसलेले आवाज ऐकू येतात, अंगावर किडे चढल्याचे भास होतात. साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान थोड्या रुग्णांमध्ये सर्वांत गंभीर अवस्था येते, तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. माणसाला वेळ-काळाचे भान राहत नाही, तो घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो, रक्तदाब उसळतो. उपचारांची सोय नव्हती त्या काळात या अवस्थेतले एक तृतीयांशापर्यंत रुग्ण दगावत. आज वेळेवर दवाखान्यात पोचल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांखाली राहते.

आपल्याकडे हा धोका फार कमी लोकांना ठाऊक आहे. घरात भांडण होते, देवापुढे शपथ घेतली जाते, पिणारा खोलीत कोंडला जातो किंवा नातेवाईक त्याला दूरच्या गावी नेऊन ठेवतात. तिसऱ्या दिवशी तो बडबडू लागला की बाहेरची बाधा झाली असे समजून मांत्रिक गाठला जातो. अपघातात हाड मोडून किंवा शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसालाही नेमक्या तिसऱ्या दिवशी हाच त्रास सुरू होतो, कारण तो रोज पितो हे नातेवाइकांनी लाजेपोटी डॉक्टरांना सांगितलेले नसते. ही लाज जिवावर बेतते.

वैद्यकीय देखरेखीखाली हीच अवस्था सुरक्षितपणे पार पडते. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम यांसारखी औषधे गाबाच्या यंत्रणेला तात्पुरता आधार देतात आणि काही दिवसांत त्यांची मात्रा उतरवत नेली जाते. यकृत खराब झालेले असेल तर लोराझेपाम निवडतात. सोबत थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार, दिलाच पाहिजे. दारू पिणाऱ्याचे जेवण सुटलेले असते, आणि दारूमुळे आतड्यातून थायमिन शोषलेही कमी जाते. त्याच्या तीव्र अभावाने डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, तोल जातो, गोंधळ उडतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. ती वेळीच ओळखली नाही तर कायमचा स्मृतिनाश मागे राहू शकतो. त्या स्मृतिनाशाची नोंद रशियन डॉक्टर सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ मध्ये केली. थायमिनच्या काही रुपयांच्या इंजेक्शनने टळणारे हे अपंगत्व आहे.

पिणारे सगळेच आजारी पडत नाहीत. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असल्याचे दिसते. पण हा वाटा नशीब ठरवत नाही, फक्त धोका वाढवतो. किती लहान वयात पहिला घोट घेतला, घरात काय पाहिले, हाताशी काय मिळते आणि भोवती कोण आहे, यांवर बरेच काही ठरते. परिस्थितीचा जोर किती असतो याचा सर्वांत बोलका पुरावा दारूचा नसून हेरॉइनचा आहे. व्हिएतनाम युद्धातून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे वीस टक्के तिथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी या सैनिकांचा मागोवा घेतला. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी सैनिकांतले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनात अडकले. युद्धभूमी, कंटाळा, भीती आणि स्वस्त हेरॉइन मागे राहिले, त्यासोबत बहुतेकांची सवयही मागे राहिली. उलट, उपचार घेऊन त्याच गुत्त्याच्या गल्लीत, त्याच बेकारीत आणि त्याच मित्रांत परतणाऱ्या माणसाकडून केवळ मनोनिग्रहाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी जास्त चढते आणि यकृताची हानी कमी वर्षांत होते. पुरुष पितो म्हणून त्याला निदान दवाखान्यात नेले जाते. पिणारी स्त्री घरात लपवली जाते, आणि उपचारांपर्यंत पोचते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

आजार ओळखायला मोठी यंत्रणा लागत नाही. जॉन युइंग यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेले चार प्रश्न आजही गावच्या दवाखान्यात विचारता येतात. पिणे कमी करावे असे कधी वाटले का, लोक टोकतात तेव्हा राग येतो का, पिण्याबद्दल अपराधी वाटते का, आणि सकाळी उठल्याबरोबर उतारा लागतो का. दोन उत्तरे ‘हो’ आली तर पुढची तपासणी करावी.

शरीरातून दारू उतरवणे हा उपचाराचा पहिला आणि तुलनेने सोपा भाग. पुढचा भाग महिनोन्‌महिने चालतो. तो झाला नाही तर पहिल्याचा फारसा उपयोग होत नाही. औषधांमध्ये नालट्रेक्सोन दारूतून मिळणारा आनंदाचा झटका कमी करते, तर अकॅम्प्रोसेट दारू सुटल्यानंतरची अस्वस्थता शमवते. तिसरे औषध डायसल्फिराम, सर्वांत जुने आणि आपल्याकडे सर्वांत गैरवापर झालेले. कोपनहेगनचे येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन जंतांवरच्या औषधाचा शोध घेत असताना या रसायनाची गोळी त्यांनी स्वतः घेऊन पाहिली, आणि त्यानंतर दारू घेतल्यावर त्यांना विलक्षण त्रास झाला. १९४८ मध्ये त्यांनी हा परिणाम प्रसिद्ध केला. डायसल्फिराम ॲसिटाल्डिहाइडचे विघटन थांबवते, त्यामुळे वर दारू घेतली तर ते विष रक्तात साचते. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे समजावून सांगितले आहे आणि ज्याने स्वतःहून ही गोळी स्वीकारली आहे, त्याला ती मदत करते, कारण पिण्याचा निर्णय त्याला दर संध्याकाळी नव्याने घ्यावा लागत नाही.

‘पेशंटच्या नकळत चहातून द्या’ अशा जाहिराती करून विकल्या जाणाऱ्या पुड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नसते. त्यांत डायसल्फिराम असेल तर हृदयविकाराचा रुग्ण वर दारू पिऊन मरूही शकतो. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. शिवाय ज्या दिवशी हे उघडकीस येते, त्या दिवशी घरातल्या अन्नावरचा त्याचा विश्वास उडतो. हतबल झालेल्या बायका-आयांना हा मार्ग दाखवणे सरळसरळ पाप आहे.

औषधांच्या जोडीला संवाद लागतो. विल्यम मिलर यांनी १९८३ पासून विकसित केलेल्या समुपदेशन पद्धतीत रुग्णाला उपदेश करत नाहीत. बदलाची कारणे त्याच्याच तोंडून यावीत असे प्रश्न विचारतात. ॲलन मार्लाट यांनी घसरण्याच्या क्षणांचा बारकाईने अभ्यास केला. भांडण, एकटेपणा, पगाराचा दिवस, लग्नाची वरात, जुना दोस्त या जागा आधीच ओळखून प्रत्येकीसाठी काय करायचे ते ठरवून ठेवावे लागते. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एकदा घसरल्यावर ‘आता सगळेच संपले’ या भावनेनेच माणूस पूर्ण बुडतो. म्हणून एक पेग आणि पूर्ण पुनरावृत्ती यांत फरक करायला शिकवणे हा उपचाराचा भाग आहे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर त्याला कोणी ढोंगी म्हणत नाही, औषधाची मात्रा तपासतात. दारूच्या रुग्णालाही तीच वागणूक मिळायला हवी.

महाराष्ट्रात ही वागणूक रुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राकडे जाते. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरने शहरातली मुले ओढली जात असताना डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राची घडी त्यांनी बसवली. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ते काम पुढे नेत आहेत. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, कुटुंबाचा सहभाग, घरी गेल्यानंतरचा नियमित पाठपुरावा आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच समुपदेशक म्हणून तयार करणे, हा तिथला मार्ग. तो इथल्या माणसांच्या स्वभावातून घडला म्हणून टिकला. वांद्र्याहून फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशननेही अनेक राज्यांत असे काम उभे केले.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मांडणी याहून साधी आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी शेअर दलाल बिल विल्सन आणि शल्यविशारद बॉब स्मिथ, दोघेही हाताबाहेर गेलेले पिणारे, एकमेकांशी बोलू लागले आणि बोलताना दारू टळते हे त्यांच्या ध्यानात आले. फी नाही, नोंदणी नाही, आडनाव विचारले जात नाही. भारतात ही संघटना १९५७ मध्ये आली आणि मराठीतही तिच्या सभा भरतात. वारकऱ्याची तुळशीची माळ गळ्यात पडल्यावर दारू सोडलेली माणसे महाराष्ट्राच्या गावोगाव आहेत. तिथेही बळ मिळते ते बऱ्याच अंशी सोबतीच्या माणसांमुळे आणि नव्या दिनक्रमामुळे. माळेचा आणि औषधाचा झगडा लावण्याचे कारण नाही. मात्र रोज पिणाऱ्याने माळ घालण्यापूर्वी डॉक्टरला भेटावे.

तज्ज्ञ कमी आणि रुग्ण अफाट, या अडचणीवरचे एक उत्तर गोव्यात सापडले. ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार भेटी बोलायला सांगितले. तीन महिन्यांनी नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांनी मागच्या चौदा दिवसांत दारूला हात लावलेला नव्हता, तर समुपदेशन मिळालेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होते. वर्षभरानेही फरक टिकून होता. चाचणीतून तीव्र अवलंबित्वाचे रुग्ण वगळलेले होते, हे ध्यानात ठेवावे लागते. पण आशासेविका आणि आरोग्य केंद्रे असलेल्या राज्याला हा धडा उचलायला फार मोठा खर्च नाही.

दारूबंदी हा स्वतंत्र आणि तापलेला विषय आहे. वर्ध्यात गांधीजींच्या वास्तव्यामुळे बंदी आली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह लोकांनी चालवलेल्या दीर्घ चळवळीनंतर १९९३ मध्ये, तर चंद्रपुरात बायकांच्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये ती लागू झाली. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूबंदीच्या बाजूने मत देण्यासाठी, रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांनी हाताशी दारू नसण्याचे मोल स्वतःच्या घरात पाहिलेले असते, आणि उपलब्धता घटली की पिणे घटते हे शास्त्रही सांगते. पण ज्याचा मेंदू आधीच बदलला आहे त्याला कायद्याने उपचार मिळत नाहीत. तो हातभट्टीकडे वळतो, आणि हातभट्टीत मिथेनॉल असले तर काय होते ते मुंबईत मालवणीने २०१५ मध्ये शंभराहून अधिक मृत्यू देऊन दाखवले. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ने गावसंघटना, अंमलबजावणी आणि उपचार यांना एकत्र बांधले. उपचाराविना बंदी अर्धवट राहते, असे म्हणायला त्यामुळे आधार मिळतो.

गरज किती मोठी आहे, ते दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसते. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांतल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. अवलंबित्व जडलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार मिळतात आणि दर १८० जणांमागे एकालाच रुग्णालयात राहून. या पोकळीत बरीच खासगी ‘केंद्रे’ उगवली आहेत. काही ठिकाणी रुग्णाला गाडीत कोंबून नेतात, मारतात, बांधून ठेवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरले आहे, रुग्णाला साखळदंड घालण्यास पूर्ण मनाई केली आहे आणि अशा संस्थांना नोंदणी सक्तीची केली आहे. पैसे भरण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र मागणे आणि रुग्णाला भेटू देतात का हे विचारणे हा नातेवाइकांचा हक्क आहे. ‘महिनाभर भेटता येणार नाही’ असे उत्तर आले तर तिथून माघारी फिरावे.

घरातला माणूस रोज पीत असेल तर बाटली हिसकावून खोलीला कडी लावू नका. पहिली भेट जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात घ्या किंवा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर १४४४६ हा क्रमांक लावा. तो ताण, निराशा किंवा जीव देण्याचे विचारही बोलून दाखवत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. पिणारा दवाखान्यात यायला तयार नसला तरी तुम्ही एकटे जा. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनच्या सभा वेगळ्या भरतात, आणि घरच्यांनी आधी मदत घेतली तर पिणारा उपचारांना तयार होण्याची शक्यता वाढते.